निळा पट्टा, मण्यांची माळ आणि एका मुलीचा प्रश्न

वाचकाचं पत्र:

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. सुपरपोझिशनचा, म्हणजे लाटांच्या बेरजेचा, धडा आला की दरवर्षी फळ्यावर दोन नागमोडी रेषा काढतो, खाली तिसरी काढतो, "अशी बेरीज होते" म्हणतो आणि सूत्राकडे वळतो. यंदा ठरवलं की दाखवायचंच. ऑडॅसिटी हे आवाजाचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, 256 आणि 260 हर्ट्झचे दोन सूर तयार केले. प्रोजेक्टरवर दोन निळे पट्टे दिसले, लाट कुठेच नाही. दोन्ही मिसळले तेव्हा पट्टा मण्यांच्या माळेसारखा झाला खरा, पण स्पीकरमधून आवाज फाटका, खरखरीत. मागच्या बाकावरून कोणीतरी "सर, डीजे" म्हणालं. त्यातच एका मुलीने विचारलं, "सर, ही बेरीज कॉम्प्युटरने केली. हवेत कोण करतं?" मला धड उत्तर देता आलं नाही. यासाठी नेमकं कोणतं सॉफ्टवेअर वापरावं? एक सहकारी म्हणतात, लाटा पडद्यावर दाखवणारं यंत्र, ऑसिलोस्कोपच घ्या. संस्थेकडे पैसे मागावेत का?

सर, नमस्कार.

पैसे मागू नका. निदान ऑसिलोस्कोपसाठी तरी नकोच. तुमच्या लॅपटॉपवर जे आहे, आणि कॉलेजच्या नियमात बसत नसलं तरी मुलांच्या खिशात जे असतंच, तेवढ्यात हा धडा होऊन जातो. सॉफ्टवेअरही तुम्ही चांगलंच निवडलंय. अडलंय ते दोन बारीक ठिकाणी. त्या मुलीच्या प्रश्नाला मी अडचण म्हणणारच नाही. तुमच्या अख्ख्या तासात सगळ्यात मोलाचं काही घडलं असेल तर तो प्रश्न. तुमच्या मुलांचं पुस्तक इंग्रजीत आहे, म्हणून मीही विस्पंद, वारंवारिता असं न लिहिता सरळ बीट्स आणि फ्रिक्वेन्सीच म्हणतो: फ्रिक्वेन्सी म्हणजे सेकंदाला होणाऱ्या लाटा, बीट्स म्हणजे जवळच्या दोन सुरांमुळे आवाजात होणारी चढ-उतार.

आधी निळा पट्टा. सूर तयार करताना ऑडॅसिटी कालावधी विचारतं, आपण सवयीने पाच-दहा सेकंद देतो. 256 च्या हिशेबाने पाच सेकंदांत 1280 लाटा होतात. तुमच्या लॅपटॉपचा पडदा साधारण 1366 ठिपके रुंद असेल, तर एका लाटेच्या वाट्याला जेमतेम एक ठिपका येतो. एका ठिपक्यात वर जाऊन खाली यायचं म्हणजे उभी रेघच होणार, आणि अशा बाराशे रेघा शेजारी शेजारी लागल्या की पट्टा. कंट्रोल दाबून माउसचं चाक पुढे फिरवा, म्हणजे चित्र मोठं होत जाईल. मात्र एकदम आत शिरू नका. अख्खे पाच सेकंद आधी पाहू द्या, मग हळूहळू आत जा. पट्टा विरळ होत होत त्यातून लाट सुटी होते, ते मुलांच्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे.

पाव सेकंद पडद्यावर मावेल इतपत आत जाऊन थांबा. एवढ्या वेळात एका सुराच्या 64 लाटा होतात आणि दुसऱ्याच्या 65. त्या एका जादा लाटेत सगळे बीट्स आले. मोजायला मात्र लावू नका, कंटाळतील. डाव्या टोकाला दोन्ही लाटा जुळलेल्या, मधोमध एक वर तर दुसरी खाली, उजव्या टोकाला पुन्हा जुळलेल्या, एवढं बोट ठेवून दाखवलं की पुरे. मी वर्गात याला इंडिकेटरचा दाखला द्यायचो. फाट्यावर वळायला थांबलेल्या दोन गाड्यांचे दिवे आधी बरोबरीने लुकलुकतात, मग एकाआड एक, मग पुन्हा बरोबरीने. हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं, फक्त भौतिकशास्त्र म्हणून पाहिलेलं नसतं.

आता खरखर. ऑडॅसिटी सूर बनवताना आयाम, म्हणजे लाटेची उंची, आपणहून 0.8 धरतं आणि आवाजाची वरची हद्द 1 आहे. दोन लाटा जुळतात तिथे 0.8 अधिक 0.8 म्हणजे 1.6. स्पीकरकडे जाताना 1 च्या वरचं डोकं छाटलं जातं. छाटलेल्या लाटेत मूळच्या दोन सुरांखेरीज भलतेसलते सूर घुसतात, आणि ती खरखर त्यांचीच. दोन्ही सूर 0.4 ठेवा, आवाज स्वच्छ येईल. फ्रिक्वेन्सीही बदला: लहान स्पीकरला 256 जड जातं, 440 आणि 444 घ्या. बीट्स तेवढेच, सेकंदाला चार.

पण तो फाटका आवाज फेकून देऊ नका. व्ह्यू मेनूत छाटलेली जागा लाल रेघांनी दाखवायची सोय आहे, ती चालू करा आणि 0.8 ची जोडी मुद्दाम पुन्हा वाजवा. त्या दिवशी तुमच्या वर्गात, कोणी न ठरवता, सुपरपोझिशन कुठे मोडतं याचं प्रात्यक्षिक झालं. साधी बेरीज चालते ती जोवर माध्यम किंवा यंत्र आपल्या आवाक्यात आहे तोवर. मिरवणुकीतला भोंगा फाटतो तेव्हाही बहुतेक वेळा अॅम्प्लिफायर लाटेचं डोकंच छाटत असतो. मागच्या बाकावरचा तो मुलगा बरोबर बोलला होता. त्याला तसं वर्गात सांगा.

आणि आता ती मुलगी. "हवेत कोण करतं?"

कोणीच करत नाही, कारण हवेला दुसरा पर्यायच नाही. एका जागी, एका क्षणी हवेचा दाब एकच असतो. एका स्पीकरने तो किंचित वाढवला, दुसऱ्याने त्याच क्षणी किंचित कमी केला, तर त्या जागी उरतो तो एक आकडा. कानाचा पडदा काय आणि माइकचा काय, एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. तो त्या एका दाबाप्रमाणे हलतो. बेरीज इतकी सरळ का होते, याचंही उत्तर आकड्यांत आहे. आपण साधं बोलतो तेव्हा दाबात पडणारा फरक एका पास्कलच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, आणि हवेचा मूळ दाब लाख पास्कलच्या घरात. एवढ्याशा ढवळण्याने हवेचा स्वभाव बदलत नाही. पहिली लाट जात असली तरी दुसरीला ती जवळपास तीच हवा असते.

हे तोंडी सांगून तिचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये. म्हणून दाखवा. 440 आणि 444 चे दोन ट्रॅक मिसळू नका, वेगळेच ठेवा. प्रत्येक ट्रॅकच्या डाव्या बाजूला डावी-उजवीकडे सरकणारी पट्टी असते. एक सूर पूर्ण डावीकडे ढकला, दुसरा पूर्ण उजवीकडे. आता इअरफोन लावून त्या मुलीलाच ऐकवा. डाव्या कानात एक सूर, उजव्यात दुसरा. आवाजाची ती ठळक चढ-उतार गायब होते. फार तर डोक्यात कुठेतरी एक अंधूक डुलणं जाणवतं, ते मेंदूचं काम, हवेचं नव्हे. मग इअरफोन काढून तारेचे दोन स्पीकर जोडा, फूट-दोन फूट अंतरावर ठेवा आणि तेच वाजवा. वँव-वँव-वँव, सेकंदाला चार. कॉम्प्युटरने अजूनही काही मिसळलेलं नाही. दोन सूर दोन वेगळ्या स्पीकरमधून निघाले, आणि एकत्र आले ते वर्गातल्या हवेत.

एवढ्यावर थांबू नका. तो आवाज समोर ठेवलेल्या फोनवर रेकॉर्ड करा, फाइल ऑडॅसिटीत आणा आणि मिसळलेल्या ट्रॅकच्या खाली लावा. वरची माळ कॉम्प्युटरच्या बेरजेची, खालची हवेची. दोन्ही सारख्याच, पण अगदी हुबेहूब नाहीत: खालच्या माळेत दोन मण्यांच्या मधे लाट पूर्ण शून्यावर येत नाही, थोडी फट उरते. का, ते मुलांना विचारा. एक स्पीकर फोनच्या जवळ होता, त्याची लाट मोठी होती, म्हणून दुसरी तिला पुरतं खोडू शकली नाही. भिंतींवरून परतलेला आवाजही त्यात असतो. ही फट मला त्या स्वच्छ माळेपेक्षा जास्त आवडते, कारण ती खऱ्या खोलीची आहे. काही फोन आवाज आपोआप एकसारखा करतात, मग मणी चपटे येतात. तसं झालं तर दुसऱ्या कोणाचा तरी फोन घ्या. आणि हा तास ऑनलाइन घ्यायची वेळ आलीच, तर मीटिंगच्या अॅपमधली गोंगाट कमी करण्याची सोय बंद करा. तिला स्थिर सूर म्हणजे पंख्याची घरघर वाटते आणि ती तो खाऊन टाकते.

माळ समोर आहे तोवर आणखी एक गाठ सोडवून घ्या. बीट्सच्या सूत्रात कोसाइनच्या पोटात फ्रिक्वेन्सींमधल्या फरकाचा निम्मा भाग येतो, म्हणजे इथे 2, आणि पुस्तक म्हणतं बीट्स 4. हुशार मुलं इथे दरवर्षी अडतात आणि बाकीची निमूटपणे पाठ करतात. पडद्यावर माळेच्या वरच्या कडेने बोट फिरवा: कोसाइनची रेघ एका मण्यात वर असते, पुढच्या मण्यात खाली. तिचा एक फेरा म्हणजे दोन मणी. कानाला मणी वरचा की खालचा याच्याशी काही देणं-घेणं नाही, मोठा झाला की मोठा. दोन फेरे, चार मणी. मी हे कित्येक वर्षं फळ्यावर बीजगणिताने शिकवलं आणि ते कोणाला कळलं असेल असं मला वाटत नाही.

एक सापळा मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण यात मी स्वतः भर वर्गात अडकलो होतो. अॅनालाइझ मेनूत स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कोणती फ्रिक्वेन्सी किती याचं चित्र, काढायची सोय आहे. उत्साहाने काढाल, तर 440 आणि 444 च्या जागी एकच बोजड टेकाड दिसेल. खिडकीत साइझ नावाचा आकडा असतो. तो 2048 असेल आणि नमुने सेकंदाला 44100, तर सॉफ्टवेअरची मोजपट्टी साडेएकवीस हर्ट्झच्या खुणांची होते. त्यात चारचा फरक कुठून दिसणार? आकडा 65536 करा. आता खुणा एका हर्ट्झहून बारीक, आणि दोन शिखरं वेगळी उभी राहतात. यासाठी दीड सेकंदाचा आवाज लागतो, म्हणजे जवळचे दोन सूर वेगळे ओळखायला जास्त वेळ ऐकावं लागतं. त्या चित्रात 4 हर्ट्झला काहीच नाही, हेही दाखवा. बीट्स म्हणजे 4 हर्ट्झचा तिसरा सूर, असं निम्म्या वर्गाला वाटत असतं.

बाकीची साधनं. सगळी एकाच तासात दाखवायचा मोह होईल, आवरा.

कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रात्यक्षिकांचा संच, चांगलं आहे. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये ते सुरू केलं. त्यातली बरीच प्रात्यक्षिकं मराठीतही आहेत आणि फाइल उतरवून ठेवली की इंटरनेटशिवाय चालतात. तुमच्याकडे भर तासात रेंज जात असणार, म्हणून हे महत्त्वाचं. ऑडॅसिटीने जो एक गैरसमज पक्का होतो, तो यातलं ध्वनितरंगांचं प्रात्यक्षिक मोडून काढतं. पडद्यावर नागमोडी रेघ पाहून मुलांना वाटतं, आवाज हवेतून सापासारखा वळवळत जातो. फेटमध्ये हवेचे कण पुढे-मागे हलताना दिसतात, कुठे दाटी, कुठे विरळ. ऑडॅसिटीतला आडवा अक्ष वेळेचा आहे, वाटेचा नाही, हे त्याआधी आणि त्यानंतर, दोनदा सांगा. फूरिएसाठीही, म्हणजे साधे सूर मिसळून हवी ती लाट घडवण्यासाठी, फेटमध्ये वेगळं प्रात्यक्षिक आहे: पट्ट्या वर-खाली करत एकेक सूर मिसळत जायचं आणि चौकोनी लाट घडवायची. मुलांच्या हाती द्या आणि बाजूला व्हा.

जिओजेब्रा हे आलेख काढायचं सॉफ्टवेअर मी फक्त स्थिर तरंगांसाठी वापरतो. समोरासमोरून येणाऱ्या दोन लाटा आणि त्यांची बेरीज, वेळेचा स्लायडर सरकवत. तिथे त्याला तोड नाही.

एक्सेल सर्वांकडे असतं आणि त्यात बेरीज रकान्यागणिक उघडी दिसते: पहिल्यात वेळ, दुसऱ्यात एक साइन, तिसऱ्यात दुसरा, चौथ्यात दोघांची बेरीज. पण फ्रिक्वेन्सी छोट्या घ्या, 10 आणि 12. एका शिक्षकांनी उत्साहाने 256 आणि 260 घातले आणि वेळेची पायरी ठेवली 0.01 सेकंद. आलेख सुंदर आला, लाटा मोजल्या तर 44 आणि 40. सेकंदाला शंभरच ठिपके काढले, तर 256 ची लाट जवळच्या शंभराच्या पटीतून, म्हणजे 300 मधून, वजा होऊन 44 ची बनून येते. फरक तेवढा चारच राहिला, त्यामुळे बीट्स बरोबर आले आणि चूक महिनाभर कोणाच्या लक्षात आली नाही.

फोनसाठी फायफॉक्स हे अॅप. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र विद्यापीठाचं, फुकट, जाहिरातींशिवाय. त्यात सूर वाजवता येतो, समोरच्या सुराची फ्रिक्वेन्सी मोजता येते, आणि लॅपटॉप-फोन एकाच हॉटस्पॉटवर असले की फोनवरचा आलेख लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे थेट प्रोजेक्टरवर दिसतो. तुमचे सहकारी ज्या ऑसिलोस्कोपसाठी आग्रह धरतायत, त्याचं या धड्यापुरतं काम इथेच भागतं. वर्गातल्या जुन्या ट्यूबचा चोक गुणगुणत असेल तर आधी त्याच्याजवळ फोन धरा. 100 हर्ट्झ येईल. वीज 50 ची आणि हा 100 कुठून, यावर पाच मिनिटं जातील, जाऊ द्या.

आता गावातल्या भजनी मंडळाकडे किंवा कोणा गायकाकडे तानपुरा असेल, तर एका तासापुरता मागून आणा. गवय्याला सोबत आणलंत तर सोन्याहून पिवळं. जोडीच्या दोन तारा एकमेकींशी मिळवताना तो नेमकं काय ऐकतो, ते मुलांसमोर त्यालाच विचारा. तो बीट्स हा शब्द वापरणार नाही, "सूर हलतोय" म्हणेल. पण घोडीखालचा मणी केसभर सरकवत तो जे हलणं संथ करत करत थांबवतो, ते बीट्सच. हेच चालू असताना रेकॉर्ड केलंत, तर माळेचे मणी लांबत लांबत शेवटी सपाट होताना पडद्यावर दिसतात.

मग त्याला एकटी खर्जाची तार छेडायला सांगा आणि ऑडॅसिटीत त्या ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्रामचं, म्हणजे वेळेगणिक फ्रिक्वेन्सी दाखवणारं, चित्र निवडा. एक तार, आणि जिन्याच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा वरपर्यंत. तार 110 हर्ट्झला असेल तर 220, 330, 440, 550. गवय्या ज्याला स्वयंभू गंधार म्हणतो, कोणी न छेडता ऐकू येणारा, तो त्या पाचव्या रेघेत आहे: 440 चा षड्ज धरला तर 550 भागिले 440 म्हणजे पाच चतुर्थांश, शुद्ध गंधार. ज्याने आयुष्यभर तो कानाने ऐकला, त्याला तो पडद्यावर दिसतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

तेवढ्यात जमलं तर हेही करा. तार बरोबर मध्यावर छेडा. पुस्तकाच्या नियमाप्रमाणे सम क्रमांकाच्या रेघा नाहीशा व्हायला हव्यात, कारण त्यांचा स्थिर बिंदू तिथेच येतो. जवारीचा, म्हणजे तार आणि घोडी यांच्यामध्ये घातलेला, दोरा काढून पाहा: त्या बऱ्याच फिक्या होतात. दोरा पुन्हा घालून पाहा: परत येतात. तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये लिहून ठेवलं, आणि त्याचं कारण त्या रुंद, वक्र घोडीत शोधलं. त्यांच्याजवळ ऑडॅसिटी नव्हतं.

राहता राहिले पैसे. अगदी मागायचेच असतील तर तारेच्या दोन चांगल्या स्पीकरांचे मागा. ब्लूटूथचे नकोत, दोघांचा उशीर सारखा नसतो. ते आले की वर्ग मैदानात न्या, भिंती नकोत. दोन्हीकडून एकच 700 हर्ट्झचा सूर लावा. उन्हाळ्यात आवाजाचा वेग सेकंदाला 350 मीटरच्या आसपास असतो, म्हणजे लाट अर्ध्या मीटरची. स्पीकर दोन मीटर अंतरावर ठेवा आणि मुलांना त्यांच्यासमोरून आडवं, एक कान बोटाने बंद करून, सावकाश चालायला लावा. एका स्पीकरचं अंतर दुसऱ्यापेक्षा पंचवीस सेंटिमीटर जास्त भरतं, तिथे आवाज खाली बसतो. जिथे बसेल तिथे प्रत्येकाने खडूने खूण करायची. खुणांचे पट्टे मैदानावर आपोआप उमटतात.

आणि प्रयोगशाळेच्या कपाटातले नादकाटे बाहेर काढा, 256 ते 512 चा आठांचा संच असेलच. त्यातला 512 चा काटा आधी फायफॉक्सने मोजून घ्या, जुने काटे छापलेल्या आकड्याला नेहमी जागत नाहीत. तो बरोबर निघाला तर फोनवर 508 लावा: चार बीट्स. काट्याच्या टोकाला मेणाचा कण चिकटवा, हळूहळू वाढवत नेऊन तीन करा. मग फोन 516 वर न्या आणि तोच मेण लावलेला काटा पुन्हा वाजवा. आता पाच. परीक्षेत दरवर्षी येणारं ते गणित, "मेण लावल्यावर बीट्स वाढले की कमी झाले, तर अज्ञात काट्याची फ्रिक्वेन्सी किती", मुलांनी पेन न उचलता सोडवलेलं असेल. मेण लावायला त्या मुलीलाच पुढे बोलवा.